डोळ्याचे थेंब, जरा जपून!

मैत्रिणींनो, आमच्या पाटसकडं ऊसतोड सुरू झाली, की डोळ्याला पात लागल्याच्या तक्रारी ऐकू येतात. डोळा लाल दिसला, की आपण फडताळातली जुनी बाटली शोधतो, नाहीतर पोराला मेडिकलमध्ये पिटाळतो. मला भीती वाटते ती याचीच.

पातीनं बुबुळावर ओरखडा उठतो. त्यातून कधी जिवाणू शिरतात, कधी बुरशी. सिप्रोफ्लॉक्सासिन, मॉक्सीफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक औषधं जिवाणू मारतात. बुरशीला त्यांचं काहीच वाटत नाही. तिला नाटामायसिनसारखं वेगळं औषध लागतं. आपण थेंब घालत आठवडा काढतो, तोवर जखम खोल जाते. काही बाटल्यांत अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइडही असतं. त्यानं लाली उतरते, बरं वाटतं, पण बुरशी आत फोफावते. मग बुबुळावर फूल पडतं आणि नजर अधू होते.

अँटिबायोटिक वाईट नाही हो! जिवाणूंची जखम असेल तर तेच डोळा वाचवतं. पण गरज नसताना किंवा अर्धवट वापरलं, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात.

म्हणून पात लागली तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा. दूध, मध घालू नका. डोळा दुखतोय, उजेड सोसत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आधी घातलेली बाटली सोबत न्या. बुबुळावरचा कण तपासला, की नेमकं औषध ठरवता येतं. आणि फडताळातली ती जुनी बाटली? आजच टाकून द्या.