शाळेतून आलेली चिठ्ठी

शाळेतून मूल घरी येते तेव्हा त्याच्या दप्तरात काय काय असते, याची कल्पना आपणां सर्वांना आहे. अर्धवट खाल्लेली पोळी, टोक मोडलेली पेन्सिल, कुणाचा तरी खोडरबर आणि क्वचित एखादी घडी घातलेली चिठ्ठी. आज मला बोलावयाचे आहे ते या चिठ्ठीविषयी. त्यातही जिच्यावर 'पुढील तपासणीसाठी पाठवावे' असे तीनच शब्द लिहिलेले असतात, त्या चिठ्ठीविषयी.

शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी ही आपल्याकडे काही कालपरवाची गोष्ट नव्हे. १९०९ साली बडोदा शहरात शाळेतील मुलांची अशी तपासणी प्रथम झाली. तत्पूर्वी तीनच वर्षे, १९०६ मध्ये, सयाजीराव महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. सर्व मुले शाळेत आणून बसविल्यावर त्यांतील किती जणांना फळा दिसतो आणि किती जणांना मास्तरांचे बोलणे ऐकू येते, हा प्रश्न ओघानेच आला असावा असे मला वाटते. पुढे १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने शालेय आरोग्यासंबंधी एक समिती नेमली. तिचा अहवाल १९६१ मध्ये सादर झाला. आणि २०१३ च्या फेब्रुवारीत, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ करण्यात आला.

या कार्यक्रमाची रचना थोडक्यात सांगतो. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. नवजात बालकाची पाहणी प्रसूतीच्या ठिकाणी आणि नंतर घरी येणारी आशा कार्यकर्ती करते. पुढे दोन डॉक्टर, त्यांत एक पुरुष व एक स्त्री, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जाते. जन्मजात व्यंगे, पोषणातील उणिवा, बालपणीचे रोग आणि वाढीतील विलंब अशा चार गटांतील विकार ते शोधते. ज्या मुलाविषयी शंका वाटते, त्याला वरच्या रुग्णालयात पाठविण्यात येते आणि तेथील उपचार, प्रसंगी शस्त्रक्रियासुद्धा, विनामूल्य होतात. कागदावर ही साखळी निर्दोष आहे. परंतु शाळेचे फाटक आणि रुग्णालयाचे दार यांच्यामध्ये घराचा उंबरठा असतो, आणि ही साखळी पुष्कळदा तुटते ती तेथेच.

ती का तुटते हे समजण्यासाठी या तपासणीचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. ती चाळणी आहे, निदान नव्हे. घरी आपण धान्य चाळतो तेव्हा चाळणीत राहिलेले सारेच खडे नसतात. काही टपोरे दाणेही राहतात, आणि एखादा बारीक खडा खाली जातोच. त्याचप्रमाणे चिठ्ठी मिळालेल्या दहा मुलांपैकी काही मुले पुढे अगदी निरोगी ठरतात. यावरून 'उगाच घाबरवले' असा निष्कर्ष काढणारे पालक मी पाहिले आहेत. उलट, 'शाळेत तपासले, काही निघाले नाही' एवढ्यावर विसंबून पुढे वर्षभर मुलाच्या तक्रारीकडे काणाडोळा करणारेही पाहिले आहेत. दोन्ही चुका एकाच गैरसमजातून होतात. चाळणी झाल्यावर धान्य निवडावे लागते, आणि निवडणे हे घरच्यांच्या साहाय्यावाचून होत नाही.

डोळ्यांचे उदाहरण घेऊ. सहा मीटर अंतरावर टांगलेला, वरच्या मोठ्या अक्षरापासून खाली बारीक होत जाणारा अक्षरांचा तक्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. १८६२ साली स्नेलेन या डच नेत्रवैद्याने तो प्रसिद्ध केला. तपासताना एक डोळा झाकावयाचा व दुसऱ्याने वाचावयाचे, नंतर उलट. ही झाकाझाक औपचारिक वाटते, पण सारे मर्म तिच्यातच आहे. एका डोळ्याचा नंबर मोठा असला किंवा डोळा किंचित तिरळा असला, तर त्या डोळ्याकडून मेंदूला अस्पष्ट प्रतिमा मिळते. लहान वयातील मेंदू अशी प्रतिमा हळूहळू दुर्लक्षितच करू लागतो. डोळा दिसावयास धडधाकट, पण त्याच्याशी मेंदूचा व्यवहारच जणू बंद. याला बोलीभाषेत आळशी डोळा म्हणतात, यद्यपि आळस डोळ्याचा नसून व्यवहार तुटल्याचा असतो. दुसरा डोळा उत्तम असल्यामुळे मूल धावते, चेंडू झेलते, पुस्तक वाचते. तक्रार काहीच करीत नाही. त्याला जन्मापासून असेच दिसत आले आहे, तेव्हा तक्रार कशाची करावयाची? उपाय साधा आहे. योग्य चष्मा द्यावयाचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून अधू डोळ्याला कामास लावावयाचे. मात्र हा उपाय सातआठ वर्षांच्या आत जितका लागू पडतो तितका नंतर पडत नाही.

येथे मला स्वतःच्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे. माझी कन्या सहा वर्षांची असताना शाळेत अशी तपासणी झाली आणि तिच्या दप्तरातून ती चिठ्ठी घरी आली. तिच्या आईने ती माझ्या हाती दिली. मी ती वाचली, मुलीला समोरच्या दुकानाची पाटी वाचावयास सांगितली. तिने ती खडाखडा वाचली. अर्थात दोन्ही डोळे उघडे ठेवून. मी चिठ्ठी टेबलाच्या खणात ठेवली. त्या सुमारास, संदर्भित मुलांचा पाठपुरावा कसोशीने करावा अशा आशयाची परिपत्रके माझ्याच सहीने निघत होती. पुढे बदली झाली, सामान बांधले गेले, खण रिकामा झाला. नव्या गावी दुसऱ्या एका तपासणीत तेच पुन्हा आढळले, तेव्हा मुलगी साडेआठ वर्षांची होती. पट्टी बांधली, चष्मा दिला, वर्षभर रोज संध्याकाळी तिची रडारड सोसली. डोळा सुधारला, पण पुरता नाही. नेत्रवैद्यांनी मला दोष दिला नाही. 'थोडे आधी आला असता तर' एवढेच म्हणाले आणि वाक्य अर्धेच सोडले.

म्हणून खेड्यातील एखादा बाप पथकातील डॉक्टरांना म्हणतो, "साहेब, पोरगी हिंडती-फिरती, खाती-पिती, मग दवाखाना कशाला?" तेव्हा मला त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार उरलेला नाही. त्याची अडचण तर माझ्यापेक्षा खरी असते. जिल्ह्याच्या गावी जावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे लागते, घरी गाईगुरे असतात. मुलाची आई एकटी जाऊ शकत नाही. सासूची संमती लागते. उपचार फुकट असले तरी तेथवर पोहोचणे फुकट नसते. पाठपुरावा म्हणजे नोंदवहीत खूण करणे नव्हे, तर ही अडचण विचारणे होय, हे आमच्या खात्यांनीही शिकावयास हवे.

काही विकारांत तर कुटुंबाचा सहभाग हाच उपचार असतो. घसा सुजून ताप येतो, आठ दिवसांत उतरतो, आणि दोनतीन आठवड्यांनी गुडघे, घोटे असे सांधे आळीपाळीने धरतात. हा र्‍ह्यूमॅटिक ताप. तो प्रामुख्याने पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना मात्र तो कायमची इजा करू शकतो. तपासणीत डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज ऐकू आला आणि पुढे निदान पक्के झाले, की दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. मूल ठणठणीत खेळत असताना, कॅलेंडरावर खूण करून, रडणाऱ्या पोराला दवाखान्यात नेणे हे काम कोणतेही पथक करू शकत नाही.

रक्तक्षयाचेही तसेच. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत तो आढळला. शाळेतून आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती घेतल्यावर शौचास काळे होते, आई घाबरते आणि दुसऱ्या आठवड्याची गोळी परसात जाते. लोहामुळे तसे होते व त्यात अपाय नाही, हे एक वाक्य गोळीसोबत घरी पोहोचले नाही म्हणून असे होते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, लिंबू पिळावे, हेही मुलीला सांगून उपयोग थोडा; स्वयंपाकघर तिच्या आईच्या हाती असते.

आणि कुटुंबाला जे ठाऊक असते ते दुसऱ्या कुणालाच नसते. जन्मल्यावर मूल उशिरा रडले काय, झोपेत कधी झटके आले काय, आजी हाक मारते तेव्हा पाठमोरे मूल वळते काय, मामाच्या घरी लग्न झाले आहे काय. पथकाला एका मुलासाठी मिळणारा अवधी थोडा असतो; आईवडील त्या दिवशी शाळेत हजर राहिले, तर त्या अवधीचे मोल कितीतरी वाढते. शहरातील खाजगी शाळांत तर हे सरकारी पथक बहुधा येतच नाही, तेव्हा तेथील पालकांनी आपण होऊन विचारणा करावी हे बरे.

मुलींच्या बाबतीत एक भीती बोलली जात नाही, पण चिठ्ठी फाडली जाते ती तिच्यामुळेच. 'बाहेर कळले तर लग्न जमेल काय?' सिकलसेलच्या तपासणीत हे फार जाणवते. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत नोंदला गेला. विदर्भात व नंदुरबारकडे तो आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. यात वाहक आणि रुग्ण हा भेद नीट समजला पाहिजे. वाहक मुलगी सामान्यतः निरोगी असते. तिचा पतीही वाहक असला तरच प्रत्येक गर्भारपणात चारांत एक एवढा संभव मूल रुग्ण निपजण्याचा असतो. म्हणजे पत्रिका जुळविणाऱ्या घरांनी दोन्हीकडचा हा एक कागद पाहिला, तर मुलगी नाकारण्याचे कारण उरत नाही. आणि विचारणा मुलीकडेच का व्हावी? मुलगाही वाहक असतोच.

किशोरवयात मात्र कुटुंबाने थोडे मागे सरण्यास शिकले पाहिजे. चौदा वर्षांच्या मुलीला पाळीविषयी, किंवा पंधरा वर्षांच्या मुलाला मनातील उदासीनतेविषयी डॉक्टरांशी बोलावयाचे असते. आईवडील शेजारी बसून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपणच देऊ लागले की ते बोलणे तेथेच थांबते. आरंभी सोबत बसावे, घरची माहिती द्यावी आणि मग दहा मिनिटे बाहेरच्या बाकावर जाऊन बसावे. आपल्यासारख्या घरांत हे अवघड जाते, मला तरी गेले.

शेवटी बदलीच्या नोकरीत असणाऱ्या, इंदूर, हैदराबाद, दिल्ली असे फिरणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांसाठी एक सूचना. शाळा बदलताना दाखला आपण जपून नेतो, गुणपत्रिका नेतो; आरोग्यपत्रक मात्र जुन्या शाळेच्या कपाटातच राहते. ते मागून घ्यावे आणि लसीकरणाच्या कार्डासह एकाच पाकिटात ठेवावे. आमच्या घरी असे पाकीट आता आहे. त्यात सर्वांत वर, उशिरा सापडलेली ती घडी घातलेली चिठ्ठी आहे. ती माझ्या पत्नीने तेथे ठेवली आहे आणि मी ती काढलेली नाही.