रेडीमिक्सला घरची फोडणी

डोंबिवलीला उतरायला मला रात्रीचे आठ वाजतात. पुढे रिक्षाची रांग. घरी पोचल्यावर कुकर लावायचा, भाजी चिरायची, पोळ्या लाटायच्या म्हटलं तर पानं घ्यायला दहा होतात. म्हणून आमच्या फडताळात रेडीमिक्सचे खोके कायम असतात आणि त्याची मला लाज वाटत नाही. खोक्यातला पदार्थ जसाच्या तसा ताटात वाढणं मात्र मला पटत नाही.

दळणं, आंबवणं, भाजणं ही वेळखाऊ कामं कारखाना करून देतो. नुकत्या तडतडलेल्या मोहरीचा वास, ओल्या नारळाचा गोडवा, भाजीचा करकरीतपणा खोक्यात भरता येत नाही. तेवढं आपण घालायचं.

या खोक्यांना आता बराच काळ लोटला. पुण्यात गिलानी आणि तेजानी यांनी 1963 साली काढलेली कंपनी म्हणजे ‘गिट्स’. नाव त्यांच्याच आडनावांवरून. बंगळूरच्या ‘एमटीआर’वाल्यांच्या सांगण्याप्रमाणे रवा इडलीच मुळी टंचाईतून आली: दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा त्यांनी रव्यावर प्रयोग केला.

आमच्याकडे सगळ्यात जास्त होतो तो खमण ढोकळा. त्याच्या मिश्रणात बेसनाबरोबर खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड असतं. कोरडं असेपर्यंत दोघं गप्प असतात. पाणी पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्यानेच ढोकळा फुगतो. पीठ भिजवून मग भांडं शोधत बसलं तर तो वायू निघून जातो आणि ढोकळा दडस होतो. आधी कुकरमध्ये पाणी उकळायला ठेवावं, थाळीला तेल लावावं, आणि पीठ अगदी शेवटी भिजवावं. मी आलं-मिरची वाटून पाण्यात कालवते, पाणी गाळून घेते आणि त्यातच पीठ भिजवते. चमचाभर तेल घालते. लिंबू मात्र पिठात पिळायचं नाही, कारण आंबटपणा आधीच मोजून घातलेला असतो. कुकरची शिट्टी काढून पंधरा मिनिटं वाफवायचं.

खरी करामत फोडणीत आहे. तेल चांगलं तापवून मोहरी, हिंग, तीळ, भरपूर कढीपत्ता आणि उभ्या चिरलेल्या मिरच्या. गॅस बंद केला की बेताने त्यात अर्धी वाटी पाणी, चमचाभर साखर आणि लिंबाचा रस. हे पाणी गरम ढोकळ्यावर सगळीकडे पसरून ओतायचं, म्हणजे खाताना तोठरा बसत नाही. वर ओलं खोबरं, कोथिंबीर. शेजारी दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि सकाळची मटकीची उसळ असली की हे पोटभर जेवण होतं. पूर्वी खोका दिसला की “अगं, याला चव कुठली?” म्हणणाऱ्या सासूबाई आता स्वतः फोडणीला उभ्या राहतात.

उपम्याच्या पाकिटाची अडचण वेगळी: मीठ. म्हणून त्यात अर्धी वाटी साधा भाजलेला रवा मिसळावा आणि त्या मानाने पाणी वाढवावं. खारटपणा वाटला जातो आणि चौघांना पुरतो. तुपावर कांदा, गाजर, मटार आधी परतून घ्यावेत. मीठ वरून घालूच नये.

दाल मखनी किंवा राजम्याची तयार पाकिटं यांहून निराळी. अन्न पाकिटात सीलबंद करून साधारण 121 अंश सेल्सिअसच्या दाबाच्या वाफेत शिजवतात. त्यात जंतूंचे चिवट बीजाणूही मरतात, म्हणून ती फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकतात. आपल्याकडे या तंत्रावर म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांच्या शिध्यासाठी काम केलं. इतक्या उष्णतेत वास मात्र दबतो. लसूण आणि कांदा खमंग परतून त्यावर ही दाल ओतावी, घरातलं उरलेलं साधं वरण मिसळावं, हातावर चुरडलेली कसुरी मेथी घालावी. गरम भाताबरोबर मुलं बोटं चाटतात.

खोका विकत घेताना मागची बाजू वाचा. वजनाने जो घटक जास्त तो यादीत आधी लिहायचा, असा नियम आहे. बेसनानंतर लगेच साखर दिसली तर काय ते समजा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ पोटात जावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात कुणाला रक्तदाब असेल तर हा हिशेब दुकानातच करावा, आणि अशी पाकिटं आठवड्यातून एखाद-दोन रात्रींपुरतीच ठेवावीत.

पिठल्याचं पाकीट मात्र आणू नका. बेसन, कांदा, मिरची, लसूण घरात असतातच, आणि दहा मिनिटांत होणारं पिठलं कुठल्याही कारखान्यापेक्षा तुमच्याच कढईत चांगलं होतं.