वाढत्या सशांच्या आहारात औषधी बिया व खनिजे

सशाचे पिल्लू आईपासून तोडल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे मोठ्या जोखमीचे असतात. दूध बंद होते, आहार बदलतो आणि हगवणीने पिल्ले दगावू लागतात. न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला जातीचे पिल्लू उत्तम निगा राखल्यास बारा आठवड्यांत सुमारे २ किलो वजनाचे होते. परंतु या काळात दहांपैकी तीन पिल्ले गेली तर पालकाचा नफाच नाहीसा होतो.

युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून केवळ वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यास बंदी केली. त्यानंतर मेथी, कलौंजी, बडीशेप, जवस यांसारख्या बियांकडे संशोधकांचे लक्ष अधिक वेधले. इजिप्तमध्ये वाढत्या सशांवर असे अनेक प्रयोग झाले आहेत. काहींत वजनवाढ व पचन सुधारल्याचे आढळले, तर काहींत विशेष फरक पडला नाही. म्हणून या बियांना पूरक समजावे, मूळ आहाराची जागा त्यांना देऊ नये.

आधी वैरण, मग बिया

ससा हा वैरणीवर जगणारा प्राणी होय. त्याच्या मोठ्या आंधळ्या आतड्यात चोथा आंबतो. तेथे तयार झालेली मऊ लेंडी तो गुदद्वारापाशीच तोंड नेऊन पुन्हा खातो व त्यातून त्यास प्रथिने आणि ब-जीवनसत्त्वे मिळतात. हा रोग नव्हे. त्यास अडवू नये. चोथा कमी व धान्य अधिक झाल्यास ही व्यवस्था बिघडून हगवण लागते. लसूणघास किंवा दशरथ घास कापून थोडी सुकवून द्यावी. स्वच्छ पाणी अहोरात्र असावे. पाणी तुटल्यास ससा खाणेही सोडतो.

खुराकाचे मिश्रण

१० किलो खुराकासाठी पुढील प्रमाण घ्यावे: मक्याचा भरडा ३ किलो, गव्हाचा कोंडा ३ किलो ३०० ग्रॅम, तूर किंवा हरभऱ्याची चुनी २ किलो, शेंगदाणा पेंड दीड किलो, खनिज मिश्रण १५० ग्रॅम आणि मीठ ५० ग्रॅम. वैरणीबरोबर वयानुसार दररोज ५० ते १०० ग्रॅम खुराक पुरतो. पेंड कोरडी व ताजी असावी. पेंडीवरील बुरशीचे विष सशास फार लवकर बाधते.

मेथी द्यावयाची असल्यास ५० ग्रॅम बी दळून घालावे व तितकाच कोंडा कमी करावा. मेथी कडू असल्याने प्रमाण वाढविल्यास ससे खुराक टाकतात. बीजोत्पादनासाठी राखलेल्या नर-मादीस मेथी देऊ नये. मोठ्या प्रमाणातील मेथीने सशांच्या प्रजननावर विपरीत परिणाम झाल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे.

बी विकत घेताना दक्षता हवी. कलौंजी म्हणून पुष्कळदा कांद्याचे बी गळ्यात पडते. पेरणीसाठी औषध लावलेले कोणतेही बी खाद्यात मुळीच वापरू नये. बी किराणा दुकानातील खाण्याचेच घ्यावे.

खनिजांची मर्यादा

गाईम्हशींप्रमाणे सशास चुना वाढवून दिल्याने लाभ होत नाही. आहारात जितके कॅल्शियम असेल त्या प्रमाणात ससा ते शोषून घेतो व जास्तीचे मूत्रावाटे टाकतो. मूत्र पांढुरके व खडूसारखे दिसते ते यामुळेच. अतिरेक झाल्यास मूत्राशयात खडे होण्याचा संभव असतो. लसूणघासात कॅल्शियम पुष्कळ असल्याने ती देणाऱ्याने वरचे खनिज मिश्रण वाढवू नये. तांबे सूक्ष्म प्रमाणात आवश्यक असले तरी अधिक झाल्यास विषारी ठरते. म्हणून मोरचूद हाताच्या अंदाजाने कधीही घालू नये.

मीठ, खनिजे व बियांचे पीठ आधी अर्धा किलो कोंड्यात चांगले कालवावे आणि मग ते सर्व खुराकात मिसळावे. एकदम टाकल्यास एका पिल्लास मूठभर व दुसऱ्यास काहीच नाही, असे होते. नवा खुराक आठ दिवसांत हळूहळू बदलावा.

स्वतः पडताळा घ्यावा

एकाच वेळी जन्मलेल्या पिल्लांचे दोन सारखे गट करावेत. वैरण, खुराक व पिंजरे दोहोंस सारखेच ठेवून एका गटाच्या खुराकात मात्र बी घालावे. दर आठवड्यास एकाच वेळी वजन करावे. खाल्लेला खुराक, हगवण व मृत्यू वहीत लिहावेत. बारा आठवड्यांनंतर वाढलेल्या वजनाची किंमत बियांच्या खर्चाहून अधिक भरली, तरच बिया चालू ठेवाव्यात. ग्रामसेवकांनी आपल्या गावातील ससेपालकांस अशी वही घालून द्यावी. पिल्ले दगावू लागल्यास बियांवर विसंबून न राहता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.