टिक्... आणि शाबासकी!

"एकतर ही कुत्री या घरात राहील, नाहीतर मी!" सासूबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, तेव्हा चिंगीला आमच्याकडे येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

झालं असं, की आई अंगण झाडायला खराटा घेऊन निघाल्या आणि पायरीवर झोपलेली चिंगी गुरगुरत धावून गेली. दात लागले ते खराट्याला, पण आई मटकन खालीच बसल्या. चिंगी साधी गावठी कुत्री. बचत गटाच्या बैठकीहून परतताना मला गटाराजवळ सापडली, तेव्हा तिच्या पाठीवर वळ होते. काठी, खराटा, छत्री, लांबट काही दिसलं की ती बिथरायची. मी दटावून पाहिलं. एकदा तर वर्तमानपत्राची सुरळी करून फटकाही दिला. ती आणखीच बिथरली.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी पुण्यातला एक क्लास सुचवला. 'क्लिकर ट्रेनिंग', नवशिक्यांसाठी, चार रविवार. साताऱ्याहून भल्या पहाटे निघायचं! यजमान म्हणाले, "मुलांच्या क्लाससाठी कधी एवढी धावपळ केली नाहीस!"

गंमत म्हणजे पहिल्या रविवारी कुत्र्यांना आणायचंच नव्हतं. आधी शिकायचं होतं ते आम्हाला! शिकवणारी मुलगी तिशीतली. तिने प्रत्येकाच्या हातात अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची डबी दिली. दाबली की 'टिक्' वाजते. लहानपणी जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा ना, अगदी तस्सं! कुत्र्याने हवी ती गोष्ट केली, की त्याच क्षणी 'टिक्' करायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. तो 'टिक्' म्हणजे "हेच, हेच हवं होतं!" एकदा वाजलं की खाऊ द्यायचाच, चुकून वाजलं तरी. दिलेला शब्द मोडायचा नाही.

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्येच एका लेखात अशा टिकटिक खेळण्याने कुत्र्याला शिकवता येतं, असं लिहिलं होतं. पुढे कॅरेन प्रायर यांनी हवाईमध्ये डॉल्फिनना शिट्टी आणि मासे देऊन शिकवलं. डॉल्फिनला ना पट्टा बांधता येतो, ना फटका मारता येतो! १९८४ च्या त्यांच्या पुस्तकानंतर ही पद्धत कुत्री पाळणाऱ्यांपर्यंत पोचली.

मग एक खेळ झाला. "काकू, तुम्ही कुत्रा व्हा!" मला बाहेर पाठवून सगळ्यांनी ठरवलं, की मी खिडकीला हात लावायचा. आत आले. खिडकीकडे वळले की 'टिक्'. पुढे पाऊल टाकलं, 'टिक्'. मिनिटभरात जमलं. दुसऱ्या फेरीत टिक् नाही, चुकले की सगळ्यांनी फक्त "नाही!" म्हणायचं. पाच-सहा 'नाही' ऐकले आणि मी मधेच थिजून उभी राहिले. काही करूच नये असं वाटलं. खेळच तो, पण डोळ्यांत पाणी आलं. चिंगी आठवली. आणि खरं सांगू? गणिताची वही घेऊन माझ्यासमोर उभी राहणारी माझी लेकही आठवली.

दुसऱ्या रविवारी चिंगी आली. पहिल्याच 'टिक्'ला दचकून माझ्या पायांत शिरली. बाईंनी डबी खिशात ठेवून वाजवायला सांगितली, आवाज मऊ झाला. आधी काहीच न मागता नुसतं टिक् आणि वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा, असं दहा-पंधरा वेळा. मग तिची मान 'टिक्' ऐकताच माझ्याकडे वळू लागली. मी न सांगता ती आपणहून बसली, टिक्! तळहाताला नाक लावलं, टिक्!

घरी रोज तीन-चार मिनिटांचाच अभ्यास. खराटा अंगणाच्या पार टोकाला ठेवला. चिंगीने शांतपणे तिकडे पाहिलं की टिक् आणि खाऊ. ती ताठरली तर आपणच मागे सरकायचं, ओढायचं नाही. दर दोन-तीन दिवसांनी खराटा वीतभर जवळ. मग तो मी हातात धरला, नंतर हलवला. या सगळ्याला दोन महिने लागले. तोवर आई झाडताना चिंगी मागच्या खोलीत असायची.

मैत्रिणींनो, ही जादू नाही बरं का! चिंगी छत्रीला अजून बिचकते. चावऱ्या कुत्र्यासाठी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा. रेबीजची लसही चुकवू नका. आणि डबी नसली तरी अडत नाही, बटणाच्या पेनाची टिकटिकही चालते.

परवा सकाळी अंगणातून खराट्याचा आवाज आला. धावत बाहेर गेले. आई झाडत होत्या आणि चिंगी पायरीवर बसून बघत होती. आईंनी जिभेनेच 'टॉक्' केलं, कनवटीची भाकरीची चतकोर काढली आणि तिच्यापुढे टाकली.

मला बघून म्हणाल्या, "बघतेस काय? वाजवलं की द्यावं लागतं!"