ई-मेल पत्त्याची रूपपरीक्षा आणि नियमित सूत्रांची मर्यादा

संगणकजालावरील अर्ज भरताना ‘आपला ई-मेल पत्ता अवैध आहे’ असा शेरा पुष्कळांच्या वाट्याला येतो. ज्या पत्त्यावर नित्य पत्रे येतात तोच अवैध कसा? हा प्रश्न वरवर तांत्रिक भासला, तरी मुळात तो व्याकरणाचा आहे. म्हणून भाषाभ्यासकाने त्याची चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरू नये.

ही परीक्षा बहुधा ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’च्या साहाय्याने केली जाते. त्यासाठी येथे ‘नियमित सूत्र’ ही संज्ञा योजली आहे. या कल्पनेचा पाया स्टीफन क्लेनी यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आढळतो. अनुक्रम, विकल्प आणि आवर्तन या तीनच क्रियांनी असे सूत्र सिद्ध होते आणि त्याने वर्णिलेली भाषा ओळखण्यास मर्यादित स्मृतीचे यंत्र पुरते. त्याच वर्षी नोम चॉम्स्की यांनी दाखवून दिले की, एकात एक गुंफलेल्या वाक्यरचनांमुळे अशा यंत्राला इंग्रजीचे व्याकरण पेलत नाही.

पत्त्याची रचना साधी दिसते: स्थानिक भाग, ‘@’ हे चिन्ह आणि क्षेत्रनाम. परंतु १९८२ च्या मानकाने पत्त्यात कंसातील टिप्पणीस मुभा दिली, आणि कंसात पुन्हा कंस येऊ शकतो. तो किती खोल जावा यास बंधन नाही. उघडलेला प्रत्येक कंस मिटला की नाही हे पाहण्यास मोजदाद हवी. ती मर्यादित स्मृतीला साधत नाही. सारांश, शुद्ध नियमित सूत्राने संपूर्ण मानक व्यक्त होणे तत्त्वतःच अशक्य होय.

व्यवहारात मात्र दोष उलट दिशेने घडतो. सूत्र मानकापेक्षा संकुचित केले जाते. स्थानिक भागातील अधिकचिन्ह मानकास मान्य असूनही कित्येक सूत्रे ते नाकारतात. क्षेत्रनामाचा अंत्य घटक दोन ते चार अक्षरांचाच असावा, असे काही सूत्रे गृहीत धरतात. वास्तविक ‘म्युझियम’ हा रोमन लिपीतील सहा अक्षरी घटक २००१ पासून अस्तित्वात आहे.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब लिपीची. २०१२ च्या मानकांनी रोमनेतर लिप्यांतील पत्त्यांना वाट करून दिली आणि २०१४ मध्ये ‘.भारत’ हे क्षेत्रनाम खुले झाले. तथापि ‘ए ते झेड’ एवढाच वर्णसमूह मानणारे सूत्र देवनागरी पत्ता प्रथमदर्शनीच फेटाळते. ‘कोणत्याही लिपीचे अक्षर चालेल’ अशी उदार दुरुस्ती केली तरी अडचण सरत नाही. युनिकोडच्या वर्गीकरणात ‘सुनीता’ या नावात अक्षरे तीन. उरलेले उकार, वेलांटी व काना हे अक्षरवर्गात नसून चिन्हवर्गात मोडतात. दोन्ही वर्ग नमूद केल्यावाचून मराठी नाव सूत्रातून पार पडत नाही. रोमन लिपीचा स्वभाव हाच सर्व लिप्यांचा स्वभाव, या गृहीताचे हे फळ आहे.

शिवाय रूपसिद्धी म्हणजे अस्तित्व नव्हे. व्याकरणशुद्ध वाक्य असत्य असू शकते, तद्वत निर्दोष घडणीच्या पत्त्यामागे कोणीच नसेल. म्हणून ‘@’ आहे काय आणि त्याच्या दोहो बाजूंस काही मजकूर आहे काय, एवढेच सूत्राने पाहावे. पुढील निर्णय त्या पत्त्यावर पाठविलेल्या पडताळणीपत्राच्या उत्तरावर सोडावा. खोटा पत्ता स्वीकारला गेल्यास एक पत्र वाया जाते. खरा नाकारला गेल्यास एक माणूस दाराबाहेर राहतो.