मोसंबीतील विजेपासून हृदयातील विद्युतघटापर्यंत

जालना जिल्ह्याची ओळख दोन गोष्टींनी सांगितली जाते : पोलादाचे कारखाने आणि मोसंबीच्या बागा. येथील मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. याच मोसंबीत जस्ताचा मुलामा दिलेला खिळा व तांब्याची तार थोड्या अंतरावर खोचून दोन्ही टोके मीटरला जोडली, तर सुमारे एक व्होल्ट विद्युतदाब नोंदला जातो.

ही वीज फळात साठलेली असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. ऊर्जा येते ती जस्ताच्या झिजण्यातून. जस्ताचे अणू आम्लयुक्त रसात विरघळताना इलेक्ट्रॉन मागे सोडतात. हे इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात आणि तेथे रसातील हायड्रोजनचे आयन ते स्वीकारतात. जस्त संपले की वीजही संपते.

या शोधाचा उगम वैद्यकाशी निगडित आहे. इटलीतील बोलोन्या येथील शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी यांना दोन भिन्न धातूंचा स्पर्श होताच मृत बेडकाचा पाय आखडताना दिसला. वीज प्राण्याच्या शरीरातच असते, असा निष्कर्ष त्यांनी १७९१ मध्ये मांडला. अलेस्सांद्रो व्होल्टा यांना तो पटला नाही. धातूंच्या चकत्या व खाऱ्या पाण्यात भिजवलेले तुकडे एकावर एक रचून त्यांनी बेडकाविनाच वीज निर्माण केली आणि १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे कळविले. खिळ्यावरील जस्ताच्या मुलाम्याला मात्र आजही गॅल्व्हानींचेच नाव आहे.

गॅल्व्हानींचे भाचे जिओव्हानी अल्दिनी यांनी १८०१ मध्ये औदासीन्याने ग्रासलेल्या एका शेतकऱ्याच्या डोक्याला विद्युतप्रवाह देऊन पाहिला. १८०३ मध्ये लंडनमध्ये फाशी दिलेल्या कैद्याच्या मृतदेहावर त्यांनी प्रयोग केला, तेव्हा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. पुढे 'विद्युत पट्ट्यां'चा बाजार फोफावला. संधिवातापासून अशक्तपणापर्यंत सर्व व्याधींवर ते विकले जात. त्वचेला झिणझिण्या येत, रोग मात्र तसाच राही. तांब्याच्या कड्यांचेही तेच. नियंत्रित चाचण्यांत संधिवातावर त्यांचा उपयोग आढळलेला नाही. त्यांच्या भरवशावर औषधे थांबविणे महागात पडू शकते.

खरा उपयोग साधला तो १९५८ मध्ये. स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसविण्यात आला. तो काही तासच चालला. पण उपकरणे बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले. १९७२ पासून लिथियम-आयोडीन घट वापरात आल्यावर पेसमेकरचे आयुष्य अनेक वर्षांनी वाढले.

तीच रासायनिक वीज घातकही ठरते. खेळणी व रिमोटमधील बटणाएवढा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यातून प्रवाह वाहू लागतो आणि ऋण टोकापाशी तीव्र अल्कली तयार होते. अवघ्या दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी मुलाला उलटी करवू नये. क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. वापरलेला सेलही मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण उपकरण चालविण्यास अपुरी पडणारी वीज इजा करण्यास पुरेशी असते.