रॉकरखालची शिम आणि तेलाची वाट

अॅम्बॅसडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण बी-सिरीजच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्या जुन्या गाड्या लोकांनी जिवापाड सांभाळल्या आहेत. असं इंजिन कधी तापलं आणि हेड वाकलं, की ते फेसिंगला जातं. फेसिंगमध्ये अर्धा मिलिमीटर निघाला, तर हेड तेवढं खाली बसतं आणि त्याच्यावरचा रॉकर शाफ्टही खाली येतो. पुशरॉडची लांबी मात्र तीच राहते. त्यामुळे रॉकरचा कोन बिघडतो, त्याचं टोक व्हॉल्व्हच्या माथ्यावर जास्त सरकतं, व्हॉल्व्ह बाजूला ढकलला जातो आणि गाइड झिजतं. यावर उपाय म्हणजे रॉकर शाफ्टच्या चारही स्टँडखाली सारख्याच जाडीची शिम घालून शाफ्ट पुन्हा मूळ उंचीवर आणणं.

जाडी सगळे काळजीने मोजतात. चूक होते ती तेलाच्या भोकात.

या इंजिनात ब्लॉकमधलं तेल हेडच्या मागच्या भागातून वर येतं, मागच्या स्टँडच्या पायातून पोकळ शाफ्टमध्ये शिरतं आणि तिथून प्रत्येक रॉकरला मिळतं. उरलेलं तेल पुशरॉडच्या भोकांतून खाली उतरतं. मागच्या स्टँडखाली फक्त स्टडची भोकं पाडलेली शिम गेली, तर ही वाट तिथेच बंद होते. तेलाचा दिवा काही सांगत नाही, कारण दाब खाली मुख्य गॅलरीत मोजला जातो आणि तिथे तो ठीकच असतो. वर मात्र रॉकरचे बुश कोरडे फिरतात. टकटक ऐकू येईपर्यंत शाफ्टला खालच्या अंगाने खाचा पडलेल्या असतात.

म्हणून शिम कापायच्या आधी स्टँड उलटा करून पाहा. पायाला मार्किंग ब्लूचा पातळ हात द्या आणि स्टीलच्या शिम पत्र्यावर दाबा. निळ्या ठशात जिथे रंग लागत नाही, तिथे भोकं. स्टडची भोकं मोठी दिसतात, तेलाचं बारीक असतं. तेलाचं भोक मूळ मापापेक्षा किंचित मोठं पाडा, म्हणजे शिम थोडी सरकली तरी वाट झाकली जाणार नाही. पण भोकाभोवती पुरेसा पत्रा राहू द्या. तो कमी पडला तर तेल शाफ्टमध्ये चढण्याऐवजी बाजूनेच गळेल. ड्रिलने उठलेली कोर दोन्ही बाजूंनी काढा, काचेवर बारीक एमरी ठेवून शिम सपाट घासा आणि रॉकेलने धुवा. एवढीशी कोर राहिली तरी स्टँड कलता बसतो.

गॅस्केटचा कागद किंवा अॅल्युमिनियमची पट्टी इथे चालत नाही. स्टँडचे चार नट हेडही आवळून धरतात, त्यामुळे मऊ वस्तू त्या दाबाखाली चेपते आणि हेडची पकड ढिली पडते. सिलिकॉनही लावू नका. नट आवळताना ते दाबलं जाऊन नेमकं तेलाच्या भोकात शिरतं.

शाफ्ट फिरू नये म्हणून मागच्या स्टँडला असलेला लोकेटिंग स्क्रू जागेवर आहे याची खात्री करा. मग शिम पायाला धरून तिच्या भोकातून हवा मारा. प्रत्येक रॉकरपाशी हवा लागली, तर वाट मोकळी आहे. त्यानंतर सगळं हेडवर बसवून नट मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टॉर्कने आवळा. पुढे कधी शिम बदलायची झाली, तर आधी कूलंट काढा आणि हेडचे सगळेच नट थोडे थोडे करत सैल करा. फक्त स्टँडचे नट सोडले तर हेड वाकू शकतं आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकतं.

शाफ्ट वर आला की टॅपेटचं अंतर वाढतं, म्हणून सेटिंग नव्याने करावं लागतं. आठ व्हॉल्व्हना नऊचा हिशेब सोपा पडतो: आठवा पूर्ण उघडा असताना पहिला सेट करा, सहावा उघडा असताना तिसरा. दोन्ही आकड्यांची बेरीज नऊ.

कव्हर लावायची घाई करू नका. प्लग काढून, इग्निशन तोडून स्टार्टर मारा आणि आठही रॉकरपाशी तेल येईपर्यंत पाहत राहा. एक जरी कोरडा दिसला, तर इंजिन चालू न करता शाफ्ट परत उतरवा. हे करायला जेमतेम अर्धा दिवस जातो, आणि आता सहज न मिळणारा शाफ्ट वाचतो.